थम येईना म्हणून बंद पडलेलं रेशनकार्ड

बीड जिल्हा, धारूर-वडवणीकडचा डोंगरपट्टा, तिथल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण विषय रेशनचा आहे आणि त्या घराला दर महिन्याला त्याच दुकानात त्याच रांगेत उभं राहायचंय. ५ माणसांचं ऊसतोडीचं कुटुंब, केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब योजनेत नाव, म्हणजे माणशी ५ किलो धरून महिन्याला २५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. गेल्या हंगामात या घरात सहा महिने रेशनचा एक दाणा आला नाही आणि सहा महिन्यांनी कार्डच बंद पडलं. यात कुणी धान्य काळ्या बाजारात विकलं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, कोणत्या साहेबानं 'यांना देऊ नका' असा आदेशही काढला नाही. सगळं नियमानं झालं आणि तरी घर उपाशी राहायची वेळ आली, म्हणून हे नीट, पहिल्यापासून लिहायला घेतलंय. मी या भागात लोकांच्या कागदपत्रांच्या कामाला मदत करतो, त्यामुळं यातलं बरंचसं डोळ्यासमोर घडलेलं आहे.

घरात कोण होतं

मावशी, सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं, वय साठीच्या आसपास, विधवा. त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे जोडीनं ऊस तोडणारा एक कोयता. आणि दोन नातवंडं, मोठी पोरगी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. मावशींनी स्वतः ऐन उमेदीपासून कोयता हाणला, नवरा गेल्यावर मुलाबरोबर जायच्या, आता कंबर धरती म्हणून दोन-तीन हंगामापासून घरीच थांबतात. मुलानं मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळं जाणं न जाणं त्याच्या हातात राहिलेलंच नव्हतं, दिवाळी झाली की टोळी ट्रॅक्टरवर चढली आणि बेळगावकडच्या कारखान्याला गेली. पोरांना मात्र यावेळी नेलं नाही. आधी नेत होते, मग फडावर कोपीत राहायचं, पहाटे चारला आई-बाप ऊस तोडायला गेले की धाकट्याला सांभाळायचं काम मोठीकडं, शाळा बुडालीच. म्हणून सुनेनंच ठरवलं की पोरं आजीपाशी ठेवायची. इतका चांगला निर्णय, आपण सगळे भाषणात हेच सांगतो ना की पोरांची शाळा बुडवू नका, आणि नेमक्या या निर्णयामुळं घरात रेशन दुकानातल्या मशीनला चालंल असं बोट एकही उरलं नाही.

आता हे बोटाचं जरा सांगतो. जन्मभर ऊस तोडलेला हात जवळून बघा एकदा. उजव्या तळव्याला कोयत्याच्या मुठीचे घट्टे, डाव्या हातावर पाचटानं कापलेल्या बारीक बारीक चिरा, एकावर एक, आणि मोळी बांधायला वाढ्याचा पीळ ओढून ओढून बोटांची पेरं घासून गुळगुळीत झालेली. मावशींचा अंगठा उन्हात धरून बघितला तर त्यावर रेषा दिसतच नाहीत, मधोमध एक जुनी आडवी जखम तेवढी दिसती. आणि मशीनला तर रेषाच पाहिजेत.

दुकानात काय झालं

दर महिन्याला धान्य उचलताना कार्डावरच्या कुणाही एकाचा थम, म्हणजे अंगठ्याचा किंवा बोटाचा ठसा, मशीनवर लागला तरी सगळ्या घराचं मिळतं. इतके दिवस मुलगा किंवा सून नाहीतर हंगामात कुणीतरी मधेच गावाकडं आलेलं असायचं, त्यामुळं अडलं नव्हतं. नोव्हेंबरात पहिल्यांदा मावशी एकट्या गेल्या.

दुकानदार तसा भला माणूस, हे आधीच सांगतो. त्यानं एकेक करून दहाही बोटं लावून बघितली. ओल्या फडक्यानं पुसून, परत कोरडी करून, मग मावशींनी स्वतःच अंगठा केसावरून फिरवला, म्हणजे जरा तेल लागून ठसा उठंल, हे आता आमच्याकडं सगळ्या बायांना पाठ झालंय. मशीन दर वेळी तेच, एरर ३००, म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. मग नातवंडांची बोटं लावली, तर तिथं वेगळाच नंबर, ८११. त्याचा अर्थ या आधार नंबरापुढं बोटांचे ठसे साठवलेलेच नाहीत. बरोबर आहे, ५ वर्षांच्या आत आधार काढलं की ठसे घेत नाहीत, फक्त फोटो, आणि पाच पूर्ण झाल्यावर ते परत जाऊन अपडेट करायचं असतं. ते दोन्ही पोरांचं राहिलेलं, कारण आधार सेंटर तालुक्याला आणि आई-बाप वर्षातले सहा महिने बाहेर. ओटीपीचा मार्ग होता, पण आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद झालेलं. डोळ्याचं स्कॅनिंग पण करून बघितलं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्याचाही उपयोग झाला नाही.

मग दुकानदार म्हणाला, "मावशी, पंचवीस तारखेनंतर या, तवा सर्व्हर मोकळा असतो." मावशी पंचवीसनंतर गेल्या. डिसेंबरात गेल्या, जानेवारीत गेल्या. जायचं म्हणजे नुसतं जाऊन यायचं नसतं, कापूस वेचायचा नाहीतर तूर सोंगायचा दिवस चालू असतो, एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. तिकडं परळीला लेकीचं बाळंतपण होतं, तिकडंही महिनाअखेर सोडून जाता येईना, न जाणो आज लागंल थम. एका माणसाच्या येण्याजाण्यावर अशी दावण पडते आणि ती कुठंच लिहिलेली नसते, म्हणून हे बारीक वाटलं तरी मी इथं नोंदवतो.

मधे मुलाला फोन करून सांगितलं की वन नेशन वन रेशन कार्ड आहे, दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही धान्य मिळतं, तू तिकडंच उचल. योजना खरी आहे, महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली आणि २०२० च्या सुरुवातीलाच कर्नाटकही त्यात आलं. पण फडापासून दुकान लांब, दुकान उघडं असतं तेव्हा हे लोक उसात, आणि एकदा कसाबसा गेला तर दुकानदार म्हणाला आमचाच माल संपला, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात टोळी दुसऱ्या गटाला गेली. आणि समजा त्यानं तिकडं उचललं असतं तरी गावाकडं आजी आणि दोन पोरांच्या ताटात ते कसं येणार होतं?

सहा महिन्यांचं गणित

मार्चच्या शेवटी मुलगा-सून परत आले, त्यानंतर लगेच एप्रिलमध्ये थम लावून घेतला असता तर पुढचं टळलं असतं. पण आल्या आल्या सून आजारी पडली, अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागलं, एप्रिल त्यात गेला. मे महिन्यात मुलगा दुकानात गेला, त्याचा थम पहिल्या फटक्यात लागला, आणि मशीननं दाखवलं कार्ड इनॲक्टिव्ह.

कारण असं की जुलै २०२५ मध्ये केंद्रानं रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. त्यानुसार ज्या कार्डावर सहा महिने उचल नाही ते तात्पुरतं बंद करायचं आणि मग तीन महिन्यांत घरोघरी पडताळणी आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून पात्र की अपात्र ते ठरवायचं. दर ५ वर्षांनी ई-केवायसी हेही त्यातच आलं. उद्देश समजण्यासारखा आहे, मेलेल्यांच्या नावावर, सोडून गेलेल्यांच्या नावावर धान्य निघू नये, आणि ज्याला गरज नाही त्याचं दुसऱ्याला मिळावं. पण जरा विचार करा, दिल्लीत बसून 'सहा महिने' हा आकडा लिहिला तेव्हा बीड, जालना, परभणी, धाराशिवचा ऊसतोड मजूर कुणाच्या डोळ्यासमोर होता का? आमच्याकडं हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. जे लोक सगळ्यात जास्त गरजवंत तेच नेमके सहा महिने गावात नसतात.

आणि या प्रकरणाचा खरा गाभा पुढं आहे. मी सरकारी पोर्टलवर त्यांचा आरसी नंबर, म्हणजे रेशनकार्डाचा नंबर, टाकून बघितला. नोव्हेंबर उचल नाही, डिसेंबर नाही, जानेवारी नाही, फेब्रुवारी नाही, असं एप्रिलपर्यंत. बस एवढंच. मावशी आल्या होत्या, दहा बोटं लावली होती, पोरांची लावली, डोळा लावला, पंचवीस तारखेनंतर परत आल्या, यातलं काही म्हणजे काही तिथं नाही. कार्डाच्या पानावर फक्त धान्य निघालेलं दिसतं. जी बाई मागायला आली आणि तिला मिळालं नाही, आणि जी बाई मागायलाच आली नाही, या दोघी तिथं अगदी सारख्या दिसतात. मग सहा महिन्यांचा नियम येतो आणि म्हणतो, यांना गरज दिसत नाही. मशीनला ओळख पटली नाही ही मशीनची अडचण होती, ती फिरून मावशींची इच्छा नसल्याचा पुरावा झाली. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागलं. नकार दिला असता तर निदान त्याच्यावर भांडता आलं असतं, इथं नकारच नाही, कारण कागदच नाही.

कायदा काय म्हणतो

इथं बऱ्याच जणांचा समज असतो की आधार सक्तीचं आहे म्हणजे थम नाही तर धान्य नाही, विषय संपला. तसं नाहीये. आधार कायदा २०१६ चं कलम ७ सरकारला अनुदानासाठी आधारची ओळख मागू देतं हे खरं, आणि फेब्रुवारी २०१७ ला रेशनसाठी तशी अधिसूचना पण निघाली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे. मग २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा मोठा निकाल आला, ४ विरुद्ध १. बँक खात्याला आणि मोबाईल सिमला आधार सक्तीनं जोडायचं काढून टाकलं, खाजगी कंपन्यांना आधार मागायची वाट बंद केली, पण अनुदानाचं कलम ७ टिकलं. टिकलं ते मुख्यतः या भरवशावर की गरिबाला सन्मानानं जगायला धान्य मिळतंय, आणि ओळख पटली नाही म्हणून कुणाला उपाशी ठेवणार नाही असं सरकार सांगतंय. आधार प्राधिकरणानं स्वतः कोर्टात जे आकडे दिले त्यात देशपातळीवर बोटांचे ठसे न जुळण्याचं प्रमाण ६ टक्के आणि डोळ्यांचं ८.५४ टक्के होतं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल लिहिला त्यात हा वगळलं जाण्याचा मुद्दा फार गांभीर्यानं घेतलाय, माणसाचा हक्क यंत्राच्या शक्यता-अशक्यतेवर टांगून ठेवता येत नाही असा त्याचा रोख आहे.

आणि त्या निकालाच्याही आधी, २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना पत्र काढलेलं आहे. झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली, घरचं रेशन आधारच्या भानगडीत बंद झालेलं, त्यावरून देशभर आरडाओरडा झाला, त्यानंतरचं हे पत्र. त्यात स्पष्ट आहे की नेटवर्क नसलं, ठसे अस्पष्ट असले किंवा दुसरी तांत्रिक अडचण असली तरी पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, आधार कार्ड आणि रेशनकार्ड बघून द्यायचं आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. म्हणजे मावशींना नोव्हेंबरातच, पहिल्याच खेपेला, वहीत सही-अंगठा घेऊन धान्य द्यायला पाहिजे होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, तशी वही आपल्याकडं नाही, अन् वहीवर दिलं तर मशीनमधला स्टॉक कमी होत नाही, तपासणी आली तर फरक माझ्या नावावर." तोही खोटं बोलत नव्हता. पत्रानं मुभा दिली खरी, पण दुकानातल्या मशीनवर त्याला तसं बटणच सापडत नाही, आणि ज्याच्या हातात माप आहे त्याला स्वतःच्या डोक्यानं 'ही आपल्या गावची मावशी, मी ओळखतो' एवढं म्हणायचाही अधिकार राहिलेला नाही. आधी गावात ओळख हीच ओळखपत्र होती, आता पन्नास वर्षं शेजारी राहिलेला माणूस सांगतोय तरी चालत नाही.

बरं, मशीनला दुसरा मार्ग जमतच नाही असंही नाही. कोरोनात, २०२० ला, हात लावून संसर्ग नको म्हणून आपल्याच राज्यात दुकानदाराच्या स्वतःच्या थमवर सगळ्यांना धान्य वाटायची सोय केली होती. तेव्हा जमलं. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि कुणासाठी अडचण समजायची याची जास्त.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, मशीन नको असं गावात फारसं कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. जुन्या रजिस्टरच्या काळात कंट्रोलवर काय चालायचं ते आमच्या पिढीनं बघितलंय, माल आला नाही म्हणून सांगायचं आणि रजिस्टरवर सगळ्यांचे अंगठे स्वतःच उठवायचे, अर्धं धान्य रातोरात गायब. मशीन आल्यावर ते खूप कमी झालं, पावती हातात यायला लागली, किती मिळायला पाहिजे ते लोकांना कळायला लागलं. बायका स्वतः सांगतात की आता कमी दिलं तर पावती दाखवून भांडता येतं. त्यामुळं 'सगळं परत वहीवर आणा' हे उत्तर नाही. पण ज्याच्यासाठी चोरी थांबवली त्याच्याच घरात धान्य जाईना, तर मग ते कुणासाठी थांबवलं?

पुरावा कुठं सापडला

मे महिन्यात आम्ही तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज दिला. तिथं उत्तर एकच, सिस्टीमला सहा महिने उचल नाही, पडताळणी होईल, थांबा. मावशी दर महिन्याला जात होत्या असं सांगितलं तर "पुरावा काय?" त्या बाबूचं चुकलं असं म्हणणार नाही, त्याच्या स्क्रीनवर तेवढंच होतं.

मग एक गोष्ट लक्षात आली, आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना उपयोग होईल त्यांनी कुठंतरी लिहून ठेवा. आधारच्या पोर्टलवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' म्हणून एक सोय आहे. आपलं आधार कुठं, कधी, कशासाठी वापरलं त्याची यादी तिथं निघते, आणि त्यात जुळलेलंच नाही तर न जुळलेलं पण येतं, एरर कोडसकट. पण दोन अडचणी, एक म्हणजे ती फक्त मागच्या सहा महिन्यांची दिसते, आणि दुसरी, उघडायला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी लागतो. म्हणजे आमच्याकडं वेळ उलटी मोजत चालली होती, रोज नोव्हेंबरातला एक एक दिवस यादीतून पुसला जाणार. मुलगा मावशींना घेऊन तालुक्याच्या आधार सेंटरला गेला, सुनेचा नंबर जोडून घेतला, पोरांचे ठसे पण त्याच वेळी अपडेट केले. नंबर चालू झाला त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून यादी काढली. नोव्हेंबरचा शेवट निसटला होता. पण डिसेंबर होता. ११ वाजून काही मिनिटं, बोट, फेल, ३००. परत एक मिनिटानं, ३००. परत. एका दिवसाच्या अशा ओळीच्या ओळी. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मावशींना वाचता येत नाही, पण नात एक एक तारीख वाचून दाखवत होती आणि त्या म्हणत होत्या, "व्हय, त्या दिशी मी गेलते, संक्रातीच्या आदल्या आठवड्यात, बरूबर हाय."

म्हणजे नोंद होती. आधारच्या सर्व्हरवर मावशींची प्रत्येक खेप सेकंदासकट लिहिलेली होती, फक्त जिथं त्यांच्या कार्डाचा निर्णय होतो तिथं ती जात नव्हती. त्यांच्याबद्दलची माहिती सरकारकडं भरपूर आहे पण त्यांच्या बाजूनं बोलणारी माहिती त्यांनाच ओटीपी टाकून खणून काढावी लागते, तीही सहा महिन्यांच्या आत. आणि उलट बाजूला, कुणाच्या कार्डावर किती माणसं, काय उचललं, हे आरसी नंबर असला की पोर्टलवर बाहेरचा माणूसही बघू शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला निघाले, पण अनुदान-लाभाच्या कामासाठी सरकारला माहिती वापरायला त्यात बरीच मोकळीक आहे, कलम ७ मध्येच. माणसाला स्वतःची माहिती स्वतःच्या हक्कासाठी सहज मिळावी याचा जोर त्यात कमी पडतो असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या यादीची प्रिंट, २०१७ च्या पत्राची प्रत आणि मुकादमाकडून टोळी हंगामात बाहेर असल्याचा कागद, असं जोडून परत अर्ज दिला. यावेळी टेबलावरचा सूर बदलला, हे सांगायला आनंद वाटतो. तलाठी घरी येऊन बघून गेले. मधे ई-केवायसीसाठी मोबाईलवर चेहरा दाखवायचं ॲप वापरून बघितलं, तिथंही गंमत नाही, ॲप म्हणतं डोळे मिचकवा, मावशींच्या एका डोळ्याची पापणी नीट मिटतच नाही. यावर सुद्धा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ३० एप्रिल २०२५ चा, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांनी आणि दृष्टिहीनांनी दाद मागितली होती, कोर्टानं डिजिटल सोय वापरता येणं हा कलम २१ चाच भाग धरला आणि डोळे मिचकवण्यासारख्या अटींना पर्याय द्या असं सांगितलं. पण निकाल आणि गावातला मोबाईल यांच्यात फार अंतर आहे. शेवटी अंगणात सकाळच्या उन्हात, चौथ्या-पाचव्या वेळी, कसंबसं ते झालं.

आत्ता कुठं आहे

जुलैमध्ये कार्ड परत चालू झालं. मोठ्या नातीचा थम आता लागतो, त्यामुळं येत्या हंगामात निदान घरात एक बोट आहे. नऊ वर्षांच्या पोरीवर घराचं धान्य अवलंबून असणं मला अजिबात पटत नाही, म्हणून मावशींसाठी नॉमिनी नोंदवायचा अर्जही दिलाय, म्हणजे विश्वासातला दुसरा माणूस त्यांच्या वतीनं उचलू शकेल. तो अजून मंजूर व्हायचाय.

नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांचं धान्य मात्र गेलंच. त्यासाठी अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ता मागितलाय, कारण हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्यानं पैसे द्यायचे असं त्या कायद्यातच आहे, आणि २०१५ च्या नियमानं हमीभावाच्या सव्वापट धरून. २५ किलोप्रमाणे सहा महिन्यांचं दीडशे किलो होतं, सगळं क्विंटलला २,४२५ रुपयांच्या गव्हाच्या हमीभावानं धरलं तरी साडेचार हजाराच्या घरात जातं. ऊसतोडीच्या घरात साडेचार हजार म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडं आहे, तिथं नाही झालं तर राज्य अन्न आयोग. आमच्या माहितीत या भागात असा भत्ता मागणारं पहिलंच घर आहे हे, त्यामुळं मिळेपर्यंत सोडायचं नाही असं मुलानं ठरवलंय, "पैशापरीस माझी माय आलती दुकानात, एवढं कुणीतरी लिहून द्यावं," असं तो म्हणाला.

गावच्या ग्रामसभेत आम्ही एकच मागणी ठरावात घालून घेतली, ती लहान आहे. दुकानातल्या थम घेणाऱ्या ई-पॉस मशीनला प्रिंटर आधीच आहे, धान्य दिल्यावर त्यातून पावती निघते. थम लागला नाही तरी पण पावती निघाली पाहिजे. तारीख, वेळ, एरर नंबर, आणि खाली 'लाभार्थी हजर होता'. ती पावती असली की दुकानदाराला वहीवर द्यायला आधार मिळतो, पुरवठा विभागाला उचल का नाही ते कळतं, आणि सहा महिन्यांच्या नियमात हजर असलेला माणूस गैरहजर धरता येत नाही. ठरावाची प्रत तहसीलला आणि जिल्हा पुरवठा कार्यालयाला दिली आहे, पोच घेतली आहे.

दसऱ्याच्या पुढं टोळ्या हलायला लागतील. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि लेकरं मागं राहणार आहेत त्यांनी त्याआधी पाच वर्षांवरच्या पोरांचे ठसे अपडेट करून घ्या, आधारला चालू मोबाईल जोडा आणि तो मोबाईल गावात राहणाऱ्याकडं ठेवा, फडावर नेऊ नका. थम फेल झाला तर त्याच दिवशी १९६७ या रेशनच्या हेल्पलाइन नंबरला फोन करून तक्रार नंबर लिहून घ्या. आणि ऑथेंटिकेशन हिस्टरी दर दोन महिन्याला काढून प्रिंट घरात ठेवा, ज्यांना काढता येत नाही त्यांनी गावातल्या कॉलेजच्या पोरांना सांगा, ते करतील.